चौथं चाक

विहिरी आटल्या तशी दगडाची खाण बंद झाली. दगड कापायच्या पात्याला पाण्याची धार लागते. धार नसली की पातं तापून तडकतं. मालकानं फाटकाला साखळी घातली आणि गडीमाणसं घरोघर पाय दुमडून बसली. त्यांतच डुलकी होता.

डुलकी हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते त्याला उतारावर मिळालं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी सासरा तापानं फणफणला होता, म्हणून तेवढ्या एका दिवसापुरती मोटारीची चावी जावयाच्या हाती आली. नवऱ्याचं औषध आणायला सासू शेजारी बसली. उताराच्या वळणावर गुरं आडवी आली, त्यानं कचकन ब्रेक मारला, आणि मोटार उजव्या अंगाला रचलेल्या दगडांच्या राशीवर जाऊन आदळली. सासू जागच्या जागी गेली.

"गाडी आपोआप उजवीकडे ओढली हो," असं तो भेटेल त्याला सांगत राहिला. पण सासरा पडला उस्ताद. आसपासच्या निम्म्या चालकांच्या हातात पहिल्यांदा स्टिअरिंग दिलं ते त्यानं. तापातून उठून तो स्वतः मोडक्या गाडीखाली शिरला, बाहेर येऊन बोटं पुसत म्हणाला, "ब्रेक ठणठणीत आहे. पोराचा डोळा लागला. देवाची मर्जी." उस्तादानं म्हटलं म्हणजे विषय संपला. घरात बायको रडून रडून म्हणाली, "कबूल करून टाका हो. माणूस आहे, लागतो डोळा. बाबांचं मन तरी शांत होईल." त्यानं चार माणसांसमोर मान हलवली. घर शांत झालं आणि तो डुलकी झाला. खाणीत डुलकी, दुकानात डुलकी. 'जावईबापू, तुम्ही बसा' म्हणणारा सासरा 'अरे, सरक' म्हणायला लागला. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, वर्षं लोटली तशी त्याची त्यालाच खात्री वाटेना. लागला असेल का डोळा? दगडाची पाटी उचलता उचलता तो थबके आणि तो क्षण आठवून बघे. सासूच्या बांगड्यांचा आवाज आठवे. गुरांच्या पाठी आठवत. झोप काही आठवत नसे. पण झोप आठवते कुणाला?

खाण बंद झाल्यावर घराला आधार उरला तो त्या जुन्या मोटारीचाच. डागडुजी होऊन ती पुन्हा रस्त्यावर आली होती. उस्ताद रोज सकाळी खालच्या बाजाराला माणसं न्यायचा आणि दुपारी परत आणायचा. त्याच्या डोळ्यांवर मात्र आता साय धरली होती. समोर बैल आहे की बैलगाडी, हे तो आवाजावरून ओळखायचा. त्या सकाळी त्यानं गाडी अंगणातून काढली, फाटकाशी ब्रेकवर पाय दिला, आणि पाय सरळ तळाला गेला. गाडी हळूच जाऊन हौदाच्या भिंतीला टेकली. हौद कोरडा होता, भिंतीचा एक पोपडा पडला, एवढंच. पण मागे मातीत तेलाचा काळा ओघळ उमटला होता.

डुलकी वाकून बघून आला. "मागच्या चाकांकडे जाणारा ब्रेकचा पाइप फुटलाय. गंजून पापुद्रे सुटलेत."

"तुला कुणी विचारलं?" उस्ताद म्हणाला.

"मग कुणाला विचारणार, बाबा?" बायको दारातून बोलली. तिच्या हातात रिकामी कळशी होती. टँकरच्या रांगेतून ती तशीच परत आली होती. "बाजारातला मेकॅनिक इथवर यायचा नाही आणि बिनब्रेकची गाडी उतारावरून तिथवर जायची नाही. आणि गेली तरी तुम्ही कशी चालवणार? काल शिंप्याच्या कुंपणात घातलीत."

"कुंपणच पुढे आलं होतं."

"हो, चालत आलं असेल."

झाडाखाली एक पिंप उपडं घातलेलं होतं, त्यावर उस्ताद जाऊन बसला. बराच वेळ काठीनं माती उकरली. मग जावयाकडे न बघता म्हणाला, "पाइप बदल. ब्रेक नीट करून दाखव. मग चावीचं बघू."

चावी! चावी म्हणजे नुसती गाडी नव्हे. उस्तादानं आपल्या हातानं चावी दिली असं गावानं बघितलं, तर ते नावही कदाचित गळून पडेल. त्यानं टोपी घातली आणि बाजाराची वाट धरली.

"सामान घेताना चाकांच्या ब्रेकची रबरं तीनच आण," मागून उस्ताद ओरडला. "उगाच खर्च नको."

उताराच्या वळणावर दगडांची रास अजून तशीच होती. डुलकी तिच्याकडे न बघता पलीकडच्या कडेनं चालला. एवढ्या वर्षांत त्याच्या पायांनाच ती वाट पाठ झाली होती.

सुट्या भागांचा दुकानदार चहाचा पेला हातात धरून हसला. "तीन रबरं? अरे डुलक्या, सेट चाराचा येतो. उस्तादाच्या मोटारीचं एक चाक कुणी चोरलं काय? की तू झोपेत मोजलीस?"

दुकानातली माणसं खो खो हसली. डुलकीही हसला. हसायची सवय त्यानं लावून घेतली होती. न हसलं की माणसं आणखी बोलतात. सेट घेतला, ब्रेक तेलाचा डबा घेतला, आणि वेटोळं घातलेला कोरा पाइप खांद्याला अडकवून उन्हातून चढ चढला.

दुपारभर तो गाडीखाली होता. चाकं काढून चारी बाजूंना लाकडी ठोकळे लावले होते आणि पाठीखाली फाटकं पोतं होतं. गंजाची भुकटी डोळ्यांत उतरत होती. पाइपाच्या टोकाचा नट असा बसला होता, की पाना लावला की पानाच घसरे. त्यानं आधी तारेच्या ब्रशनं घासलं, रॉकेल सोडलं, हातोडीनं हलके टोले दिले. मग पुन्हा पाना. पाना सुटला आणि बोटांची सालं निघाली.

"नटाचे कोपरे गोल केलेस ना?" पिंपावरून आवाज आला. उस्तादाला दिसत नसलं तरी कान शाबूत होते. "पान्याच्या आवाजावरून कळतं. दगड फोडणाऱ्या हाताला नाजूक काम कुठलं जमायला!"

डुलकीनं पक्कडीत नट धरून सगळा भार त्यावर टाकला. कर्र करून नट हलला तेव्हा त्याच्या तोंडून आपसूक देवाचं नाव निघालं. एकदा हलल्यावर मात्र तो शहाण्यासारखा फिरत आला.

जुना पाइप बाहेर ओढून त्यानं अंगणात नीट मांडला. कुठे वाक, कुठे वळण, सगळं त्याबरहुकूम नव्या पाइपाला दिलं. ते हातानं द्यायचं नसतं, पाइप पिचकतो. म्हणून बायकोनं जात्याचा खुंटा आणून दिला आणि त्याभोवती तो अंगठ्यानं दाबत दाबत वळवत गेला. टोकांत आधी नट ओवले, मग उसन्या आणलेल्या हत्यारानं पाइपाची तोंडं फुलवली. नट आधी ओवायचे असतात. तोंड फुलवल्यावर आठवलं तर पुन्हा कापा. तो विसरला नाही. बायको जवळ बसून बघत होती.

"हे कधी शिकलात?"

"तुझ्या बापाला बघून. लांबून."

तिनं पदरानं त्याच्या भुवईवरचा गंज पुसला. दिवसाढवळ्या अंगणात तिनं असं काही करून किती दिवस झाले होते, ते दोघांनाही ठाऊक होतं.

पाइप बसला. तीन चाकांतली जुनी रबरं काढून नवी घातली. आता हवा काढायची. ब्रेकच्या पाइपात हवेचा बुडबुडा राहिला की पेडल स्पंजासारखं दबतं आणि गाडी थांबत नाही. हे काम एकट्याचं नव्हे; एकानं आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्यानं चाकाशी बसून बारीक स्क्रू सोडायचा. एकानं घाई केली तर दुसऱ्याची मेहनत पाण्यात.

बायको चपला काढून आत बसली. डुलकीनं मागच्या चाकाला रबरी नळी लावली, नळीचं टोक बाटलीत सोडलं.

"दाब. सोड. दाब. सोड. आता दाब, आणि धर!"

"धरलं."

त्यानं स्क्रू सोडला. फुस्स करून फेसाळ तेल बाटलीत आलं. बुडबुडेच बुडबुडे.

"पाय खाली गेला हो!"

"जाऊ दे. उचलू नकोस. हां... आता सोड."

दाब, धर, सोड. दाब, धर, सोड. या एवढ्या तीन शब्दांत त्या नवराबायकोचं त्या दिवशी जेवढं बोलणं झालं, तेवढं कित्येक महिन्यांत झालं नव्हतं. मागची दोन्ही चाकं झाली. तेल सोनेरी आणि निखळ यायला लागलं. पुढचं उजवं झालं. तो उठून डाव्या अंगाला गेला.

"तिकडे कुठे?" उस्तादाचा आवाज एकदम चढला. "झालं काम. चाकं चढव."

"पुढचं डावं राहिलं."

"त्याची हवा मी मागेच काढलीय. चांगल्या अंगाला कशाला सुया टोचतोस?"

"रबर आणलंय. घालूनच टाकतो."

"तीन आण म्हटलं होतं ना तुला!"

डुलकीचा हात थबकला. दुकानातलं हसणं त्याला आठवलं. पण त्यानं खाली बसून नळी लावली.

"दाब गं. दाब. धर."

"धरलं."

स्क्रू सोडला. काहीच आलं नाही. हवा नाही, तेल नाही. त्यानं स्क्रू जवळजवळ सगळाच बाहेर काढला. भोक कोरडं ठाक, आत गंजाची तपकिरी पूड.

"धरलंय हो. पाय भरून आला माझा. किती धरू?"

"सोड."

तो पुन्हा पोत्यावर आडवा झाला. चाकापासून पाइपावर बोट ठेवून मागे मागे सरकत गेला. चॅसीच्या आतल्या बाजूला, जिथे सहजी हात जात नाही, तिथे डांबराचा एक गोळा लागला. बाकी सगळीकडे डांबराचा पातळ थर. इथंच हा अक्रोडाएवढा गोळा कशाचा? स्क्रूड्रायव्हरनं तो खरवडायला लागला. डांबर तुकड्यातुकड्यानं निघालं. आत पाइप दुमडलेला होता. नुसता वाकलेला नव्हे. मुद्दाम दुमडून हातोडीनं चपटा केलेला, आणि सुटू नये म्हणून वरून तांब्याच्या तारेचे फेरे. तारेची शेपटी डावीकडे पिळलेली.

तो पीळ कुणाचा, हे त्या घरात कुणाला सांगायला नको होतं. बादलीची कडी, कपड्यांची दोरी, उस्तादाच्या चष्म्याची दांडी, सगळी त्याच तारेनं, त्याच डावऱ्या पिळानं बांधलेली. काहीही मोडलं की उस्ताद तार काढायचा आणि म्हणायचा, "तात्पुरतं." घर सगळं तात्पुरतं होऊन वर्षं झाली होती.

डुलकी पाठीवर तसाच पडून राहिला. डांबर त्याला चांगलं आठवत होतं. लग्नाच्या वर्षी, पावसाआधी, गाडीच्या पोटाला उस्तादानं ते फासलं होतं. नवा जावई म्हणून हौसेनं डबा धरायला तोच होता. त्यानंतर पुन्हा कधी डांबर लावलं नव्हतं. म्हणजे पाइपाची घडी डांबराच्या आतली. म्हणजे घडी आधीची. म्हणजे त्या दिवशी वळणावर त्यानं ब्रेक मारला तेव्हा पुढच्या उजव्या चाकानं पकडलं, डावं मोकळं पळत राहिलं, आणि गाडी...

उस्ताद गाडी कशी चालवायचा, तेही आता डोळ्यांसमोर आलं. ब्रेक मारताना स्टिअरिंगवरचा डावा हात हळूच खाली ओढायचा. लोक म्हणायचे, काय ऐट आहे उस्तादाच्या हाताची!

त्यानं करवतीनं तो तुकडा कापला आणि बाहेर आला. बायको गाडीतून उतरून उभी होती. तिनं तुकडा बघितला, तार बघितली. मग बापाकडे बघितलं. तिला काही समजावून सांगावं लागलं नाही. रोज त्या पिळाच्या दोरीवर ती धुणं वाळत घालत होती.

डुलकीनं तुकडा उस्तादाच्या ओंजळीत ठेवला. म्हाताऱ्यानं तो चाचपला. अंगठा तारेवरून फिरला आणि पिळापाशी थांबला. झाडावरून एक वाळकं पान त्याच्या गुडघ्यावर पडलं, तेही त्यानं झटकलं नाही.

"चाकातून तेल गळत होतं," तो म्हणाला. "सुटा भाग मिळेना. म्हटलं चार दिवस चालवू. मग हाताला सवय झाली."

"आणि त्या दिवशी?" डुलकीनं विचारलं.

"अंगात ताप होता. सांगायचं राहून गेलं."

"नंतर गाडीखाली गेला होतात. तेव्हा ताप नव्हता."

उस्तादानं तुकडा मुठीत घट्ट धरला. "ती गेली होती रे. माझ्या हातानं गेली असं कसं म्हणू मी? आणि आता बोलून ती परत येणार आहे का? देवाची मर्जी होती..."

"बाबा," बायको म्हणाली. तिचा आवाज एवढा हळू होता, की दोघांनी माना वर केल्या. "देवाला यात ओढू नका. त्यानं पाइप नव्हता दुमडला."

ज्या देवाला आपण दु:खात हाक मारतो, त्याच्याच खांद्यावर आपलं पाप ठेवून माणूस किती आरामात घरी येतो! ती आत निघून गेली. आतून ना रडण्याचा आवाज आला, ना भांड्यांचा.

डुलकी म्हणाला, "मला भांडायचं नाही. उद्या सकाळी माणसं गाडीत बसतील. त्यांच्यासमोर एकदा सांगा. 'तो झोपला नव्हता', एवढंच. बाकी काही सांगू नका."

"बघू," उस्ताद म्हणाला.

उरलेल्या पाइपातून डुलकीनं नवा तुकडा वळवला. चाकातला अडकलेला दट्ट्या पॉलिश कागदानं घासून मोकळा केला, चौथं रबर घातलं. बायको न सांगता येऊन पेडलवर बसली. दाब, धर, सोड. तिचे डोळे समोरच्या काचेवर होते. चौथ्या चाकातून तेल आलं, आधी काळं, मग गढूळ, मग स्वच्छ. शेवटचा स्क्रू आवळून तो म्हणाला, "बास." तरी तिनं पेडल धरूनच ठेवलं होतं.

"सोड गं आता."

"मीच तुम्हाला कबूल करा म्हटलं," ती म्हणाली.

त्यानं हात पुसायचं फडकं दोन्ही बाजूंनी नीट बघितलं, आणि कोरडी बाजू तिला दिली.

सकाळी माणसं जमली. कापडाची बोचकी घेऊन शिंपी, दवाखान्यात कामाला जाणारी दाई, आणि कोंबड्यांची पाटी घेतलेली एक म्हातारी. उस्ताद नेहमीसारखा पुढे बसला, पण शेजारच्या बाजूला. चावी त्यानं आधीच लावून ठेवली होती. हातात अशी दिलीच नाही. डुलकी स्टिअरिंगवर बसला तशी शिंप्यानं पायरीवर ठेवलेला पाय मागे घेतला.

"काय उस्ताद, आज डुलकी चालवणार? मग आम्ही उशा घेऊन येतो!"

दाई हसली. म्हातारी हसली नाही; तिनं पाटी छातीशी घट्ट धरली आणि म्हणाली, "मी नाही बसायची बाई. हा झोपतो."

डुलकीनं स्टिअरिंगवरचे हात उचलले नाहीत. मान न वळवता तो वाट बघत राहिला. बायको फाटकाशी उभी होती. तीही वाट बघत होती. उस्तादाचं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. इतकी वर्षं ज्यांनी त्याच्या हाताला उस्तादाचा हात म्हटलं, ती माणसं त्याच्या मिचमिच्या डोळ्यांसमोर धुरकट उभी होती. कोटाच्या खिशात त्याची बोटं कशाशी तरी चाळा करत होती.

"बसा बसा," तो हसून म्हणाला. "मी आहे ना शेजारी. जागा."

सगळे हसले. शिंपी चढला, दाई चढली, म्हातारीही कुरकुरत चढली.

बायको फाटकातून चालत आली. बापाच्या बाजूचं दार तिनं उघडलं.

"बाबा, उतरा."

"आँ?"

"उतरा म्हणते ना."

तिनं त्याचं कोपर धरून त्याला खाली घेतलं. खिशातून हात बाहेर आला तेव्हा बोटांत तांब्याची तार होती, सोडवून सरळ केलेली, पुन्हा वापरण्याजोगी. बायको त्याला अंगणाच्या कडेला उभं करून परत आली, आणि त्याच्या जागेवर, आई बसली होती त्या जागेवर बसली.

"हे झोपले नव्हते," मागे वळून ती म्हणाली. "त्या दिवशी गाडीच्या एका चाकाला ब्रेकच नव्हता. बाबांनीच..."

"असू दे गं पोरी," दाईनं मायेनं तिच्या खांद्यावर थोपटलं. "नवरा आहे तो तुझा. तू असंच म्हणणार."

"म्हणायलाच पाहिजे," शिंपी म्हणाला. "चला, उशीर होतोय."

गाडी निघाली. आरशात उस्ताद काठी टेकून उभा होता. त्याला गाडी दिसत नव्हती, तरी आवाजाच्या दिशेनं तोंड फिरवत होता. चढ संपला, उतार लागला. वळण आलं. रस्ता मोकळा होता, गुरं नव्हती, कुणी आडवं नव्हतं. दगडांच्या राशीसमोर डुलकीनं ब्रेकवर पाय दिला. जोरात. स्टिअरिंगवरचे दोन्ही हात त्यानं वर उचलले.

गाडी जागच्या जागी, सुतात, सरळ थांबली. मागे कोंबड्या कलकलल्या.

बायकोनं काचेतून राशीकडे बघितलं. मग पदराचं टोक तोंडात धरलं.

"अरे ए डुलक्या!" शिंपी बोचकं सावरत ओरडला. "जाग आली वाटतं? मध्येच का थांबवलीस?"

"बघत होतो."

"काय?"

"सरळ थांबते का ते."

मागे पुन्हा हशा झाला. डुलकीनं ब्रेक सोडला.